सत्तेचाळीस, दोन लाल

अभ्यंकर काकांच्या घरचा रविवारचा चहा कुणाला गोड लागल्याचं मला आठवत नाही. साखर भरपूर असायची, सुलभाकाकूंचा हात त्या बाबतीत सढळ. पण कप ओठांना लावायच्या आत काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, प्रिंटरमधून नुकता आलेला कागद टेबलावर हाताने सपाट करायचे आणि वाचायला लागायचे. "दोन अठरा. सत्तेचाळीस. सिग्नल पिवळा असून वेग कमी केला नाही. दोन बत्तीस. बासष्ट. सांधा न बदलता गाडी सोडली. लाल." आवाज कधी चढायचा नाही. बँकेतला माणूस टोकन नंबर पुकारतो तसं वाचायचे. वाचून झालं की ज्याच्या नावावर लाल असेल त्याच्याकडे बघायचे, आणि त्याने चिवडा घेतला की म्हणायचे, घे, घे, भूक लागली असेल.

सत्तेचाळीस म्हणजे मी, मंजिरी. बासष्ट म्हणजे नागपूरचा मिलिंद बोरकर. अमेरिकेतल्या आयसेलिनपासून दहा मिनिटांवर काकांचं घर, आणि त्या घराच्या अख्ख्या बेसमेंटभर त्यांची रेल्वे. हिला खेळण्यातली म्हणायची सोय नव्हती. एका पाहुण्याने हौसेने 'टॉय ट्रेन' म्हटलं, तेव्हा काकांनी त्याला जिना दाखवला होता. वीतभर लांबीचे डबे, बोटभर उंचीचे सिग्नल, आणि रुळांचे टप्पे पाडलेले. प्रत्येक टप्प्याखाली सेन्सर. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कॉम्प्युटर. कुठलं इंजिन कुठल्या टप्प्यात आहे, किती वेगात आहे, कुणाच्या हुकमाने चाललंय, हे त्याला सेकंदासकट ठाऊक. आमच्या हातात एकेक कंट्रोलर असायचा, त्याला एक नॉब. नॉब फिरवला की हुकूम कॉम्प्युटरला, तिथून इंजिनाला. कॉम्प्युटर प्रत्येक इंजिनाला नंबराने ओळखायचा, म्हणून काकाही चालवणाऱ्याला त्याच नंबराने ओळखायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव वर कोटाबरोबर टांगायचं आणि मग खाली यायचं. काका स्वतः दहा नंबर.

कॉम्प्युटर जे जे टिपून ठेवायचा तो लॉग. काकांची दोन वाक्यं मी आयुष्यात विसरणार नाही. पहिलं, "लॉगला नातेवाईक नसतात." आणि दुसरं, चूक करणाऱ्याने तोंड उघडलं रे उघडलं की, "कारण सांगू नकोस. मिनिट सांग." बारीक चूक म्हणजे पिवळी. टक्कर किंवा रूळ बदलायचा सांधा चुकणं म्हणजे लाल. एका दुपारी तीन लाल झाल्या की तो माणूस जिना चढून वर जायचा, तो पुन्हा खाली न येण्यासाठी. नियमाला अपवाद नव्हता. पहिला बळी त्यांचा स्वतःचा मुलगा, शाळेत असतानाच. त्याचं एक नंबरचं इंजिन खोक्यात घालून फळीवर ठेवलं होतं, ते पुढे कुणालाच दिलं नाही. मुलगा आता सिएटलला होता. फोन दिवाळीला करायचा, तोही आईला.

त्या रेल्वेवर एकही माणूस नव्हता. सगळ्या मालगाड्या. स्टेशनं होती, पण फलाट रिकामे. दुकानात चिमुकली माणसं मिळतात, छत्रीवाली, बाकावर बसलेली, ती आणून ठेवू या का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "पॅसेंजर नकोत. पॅसेंजर तक्रार करतात." झाडं मात्र शेकड्याने होती, आणि ती सगळी काकूंनी केलेली. वाळक्या काड्या, गोंद आणि रंगवलेला भुसा घेऊन ती बाई वर स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं झाडं करत बसली होती. काका ती पट्टीने मोजून लावत. काकूंना जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली यायची परवानगी नव्हती. म्हणे, पदर अडकेल. काकू वीस वर्षं घरात ट्रॅकपँट घालत होत्या.

माझी नि त्यांची गाठ पडली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वर आम्ही बायका तिळगूळ घेत होतो आणि खालून एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला शांतपणे सोलत असल्याचा आवाज येत होता. मला राहवलं नाही, गेले खाली. पडद्यावर एका टप्प्यात गाडी दिसत होती, रुळावर गाडीचा पत्ता नव्हता, आणि त्या न दिसणाऱ्या गाडीमुळे बाकी सगळ्या थांबलेल्या. मिलिंद मान खाली घालून ऐकत होता. मी धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. चुका शोधायचा मला पगार मिळतो आणि फुकटातही शोधायची खोड आहे. खाली वाकून बघितलं तर रुळांमधली खडी ओली. आदल्या दिवशी गोंद लावून बसवलेली, वाळलेली नव्हती, आणि ओलीतून करंट जात असल्याने सेन्सरला गाडी असल्याचा भास होत होता. मी म्हटलं, चूक ह्यांची नाही, गोंद लावणाऱ्याची आहे. मिलिंदने डोळे मिटून घेतले. गोंद अर्थातच काकांनी लावला होता. ते कॉम्प्युटरशी गेले आणि स्वतःच्या हाताने टाइप केलं: दहा, पिवळी. आभार वगैरे मानले नाहीत. म्हणाले, "रविवारी दोन वाजता. दोन म्हणजे दोन."

लोक मला विचारायचे, असल्या माणसाकडे जातेस कशाला? सांगते. त्याच वर्षी माझी नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते तेव्हा साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर चंबूगबाळं आवरायचं असतं. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली होती, सांगलीला परत जाऊन आईच्या डोळ्यांसमोर बसायची कल्पनासुद्धा सहन होत नव्हती. मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडले. जिन्यातून आवाज आला, "रडून झालं असेल तर खाली ये." त्या माणसाने तीस वर्षं एका विमा कंपनीत प्रोग्रॅमिंग केलं होतं. पाच आठवडे रोज संध्याकाळी त्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला. बायोडेटावर लाल पेन चालवलं, उत्तर अडखळलं की पहिल्यापासून, आणि एकदा तर मला सांगितलं की मी तुला ठेवलं नसतं, दारावरसुद्धा नाही. बावन्नाव्या दिवशी मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, आठ दिवस जास्त लागले. तरी सांगते, माझ्या सख्ख्या बापाने माझ्यासाठी एवढं केलं नसतं, आणि ते मी कधी विसरले नाही.

विसरले नाही म्हणजे, एकदाच विसरले. पण त्याच्या आधी मिलिंदचं सांगायला हवं.

मिलिंदची आई नागपूरला आयसीयूत होती. खाली फोन बंद ठेवायचा नियम, पण त्याने त्या रविवारी खिशात चालू ठेवला होता आणि तो वाजला. बहिणीचा होता. त्याने एका हाताने फोन काढला, दुसऱ्या हातातला नॉब तसाच राहिला, त्याची गाडी माझ्या गाडीवर येऊन आदळली, तिथून घसरून तिसरीच्या वाटेत पडली, आणि ती तिसरी काकांची. तीन लाल, एका फोनमध्ये. आई गेली होती. तो रुळांजवळ फोन धरून उभा होता आणि काका म्हणाले, चहाला चला. वर येऊन त्यांनी कागद वाचला. "दोन एकेचाळीस. बासष्ट. फोन. लाल." मग तिन्ही वाचल्या. मिलिंदने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "मिस्टर बोरकर, गाडी थांबवून फोन घेता आला असता. त्यासाठीच तर ब्रेक आहे. तुमचा कोट दाराशी आहे." नंबर काढून घेतला की माणसाला मिस्टर आणि तुम्ही मिळायचं. काकू मिलिंदमागे दारापर्यंत धावल्या, मी मात्र बसून राहिले. कागदावर माझ्यापुरती एकच पिवळी होती आणि मला हायसं वाटलं होतं, हे आज कबूल करते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये काकांनी एका रविवारी विचारलं, "बासष्ट कुठाय? दोन वाजून गेले." मला आधी थट्टा वाटली. काका थट्टा करत नसत. मी म्हटलं, काका, तुम्हीच काढलंत ना त्याला. ते म्हणाले, लॉग दाखव. मी जुना लॉग काढून दाखवला. त्यांनी ओळन् ओळ वाचली, फोन, आई, सगळं त्यांना नव्याने कळलं असणार. मग चष्मा वर केला आणि म्हणाले, बरोबरच केलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, बासष्ट कुठाय? मी पुन्हा लॉग काढला. पुन्हा वाचला, पुन्हा बरोबरच केलं.

त्यानंतर त्यांच्या चुका सुरू झाल्या. सिग्नल लाल असताना गाडी पुढे काढायची, भरलेल्या लाइनवर दुसरी गाडी बोलवायची. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते काकूंनी मला ओक ट्री रोडवरच्या भाजीच्या दुकानाबाहेर, माझ्या गाडीत बसून सांगितलं. मांडीवर मेथीच्या जुड्या होत्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत, मेथीचा दोरा सोडवत बोलत राहिल्या. "हे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खाली असतात. तेवढाच वेळ मी माणसासारखी जगते. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने वर होते, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन जेवायचे, माहितीय तुला? एका रविवारी ह्यांच्या नावावर तीन लाल आल्या की हे स्वतःलाच काढतील. दुसऱ्याला एक न् स्वतःला एक, असं ह्यांच्यात नाही. आणि मग जन्मभर वर. तुला त्या कॉम्प्युटरमधलं कळतं. ह्यांना वर येऊ देऊ नकोस गं."

ज्या बाईने मला त्या दिवसांत जेवू घातलं, ती पहिल्यांदा काहीतरी मागत होती. मी त्याच आठवड्यात बसून छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दहा नंबरच्या नावाने लाल नोंद झाली की ती लॉगमध्ये सत्तेचाळीसच्या नावाने जायची. घडलेली टक्कर तर सगळ्यांनी पाहिलेली असायची, ती पुसता येत नव्हती, कुणाच्या तरी नावावर मांडावीच लागायची. बाकी दोघं नवी मुलं, आलटून-पालटून येणारी, त्यांच्या गळ्यात कशी बांधू? म्हणून मीच. फक्त तिसरी लाल आली की प्रोग्रॅम तिची पिवळी करायचा, नाहीतर मीच जिना चढले असते. खरा लॉग वेगळ्या फायलीत राहायचा. टेस्टरला खरी नोंद पुसता येत नाही, हात धजत नाही.

आणि असे माझे रविवार सुरू झाले. "सत्तेचाळीस, दोन लाल." दर रविवारी. त्यांच्या चुका, माझं नाव. एकदा माझ्यादेखत त्यांनी आपल्या हाताने नॉब फिरवून दोन इंजिनं समोरासमोर घातली आणि तासाभराने त्याच टक्करीवर मला पाऊण तास सुनावलं. मी नुसतं म्हटलं, काका, तुम्हाला आठवतंय ना ते? त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग बोट कागदावर ठेवलं. "लॉग म्हणतो ना? मग तूच." स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांचा लॉगवर विश्वास होता, आणि तो लॉग मी बाटवला होता. काकू माझ्या कपात जास्तीचं आलं घालायच्या. तेवढीच भरपाई.

ऑगस्टपर्यंत प्रकरण एवढं वाढलं की रविवारी पाच-सहा टकरी. मग मी त्यांचा नॉब तोडला. म्हणजे हातात कंट्रोलर तोच, दिवा लागायचा, नॉब फिरायचा, पण हुकूम कुठेच जायचा नाही. दहा नंबरची गाडी कॉम्प्युटर स्वतः चालवायचा. वळणावर वेग कमी, फाटकाला शिट्टी, फलाटाशी अलगद थांबणं, मी असं काही बसवलं होतं की मलाच माझं कौतुक वाटलं. काका नॉब फिरवत बसायचे, गाडी त्यांच्या फिरवण्याशी बरीचशी जुळायची, आणि नाही जुळली तर ते आपला अंदाज चुकला असं समजून नॉब गाडीप्रमाणे फिरवायचे. लहान मुलाच्या हातात खोटं स्टिअरिंग द्यावं तसं. तोंडाने हुकूम सोडणं मात्र त्यांचंच होतं, त्यातल्या चुका अजून माझ्या नावावर यायच्या.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी पाहुणे बोलावले. वर्षातून एकदा बोलवायचे. आसपासच्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या क्लबातले सहा-सात अमेरिकन आणि मराठी मंडळातली तीन जोडपी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मला हुकूम दिला, सत्तेचाळीस, तीन नंबर लाइनवर घे. तीन नंबरवर त्यांचीच गाडी उभी होती, नुकतीच येऊन थांबलेली. मी पाहुण्यांशी बोलत होते, बघितलं नाही, घेतली. माझं इंजिन त्यांच्या गाडीला मागून धडकलं. शेवटचा डबा कडेवरून खाली सिमेंटवर पडून फुटला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. काकांची गाडी मात्र वेळापत्रकाप्रमाणे तशीच पुढे निघाली, एक डबा कमी घेऊन.

काका नॉबवर हात ठेवूनच पाहुण्यांकडे वळले. म्हणाले, "ही सत्तेचाळीस. दर रविवारी दोन लाल. नवऱ्याने सोडलं हे कळलं तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, बिचाऱ्याकडे लॉग असणार." मंडळातले दोघं-तिघं हसले, हसायचं की नाही हे न कळल्यासारखे. मग अमेरिकन पाहुण्यांना कळावं म्हणून काकांनी तेच सावकाश इंग्रजीत सांगितलं.

घटस्फोटाचं मी काकूंना सांगितलं होतं, त्या स्वयंपाकघरात, त्या साठ दिवसांत. माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. काकू, मेथी, ते गाडीतलं बोलणं, काहीही आठवलं नाही. एवढंच आठवतं की मी अगदी त्यांच्यासारख्या शांत आवाजात म्हणाले, "काका, नॉबवरचा हात काढा."

"गाडी चालू आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच. काढा."

त्यांनी आधी नॉब शून्यावर आणला, नियमाप्रमाणे. मग हात काढला. गाडी चालत राहिली. पुलावरून गेली, वळणावर हळू झाली, फाटकाला शिट्टी दिली, काकूंच्या झाडांमधून बाहेर आली आणि फलाटाच्या खुणेवर केसाचाही फरक न करता थांबली. एका अमेरिकन गृहस्थाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक आहे.

काकांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, ऑगस्टपासून. आणि लाल? एप्रिलपासूनच्या जवळजवळ सगळ्या तुमच्या, मी म्हटलं. काकांनी चष्मा नाकावर आणला. मग म्हणाले, खरा लॉग आहे? इथे मी नाही म्हणू शकले असते. फाइल पुसली, गेली, काहीही. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, छाप. आणि मी छापला.

ते चहापर्यंतही थांबले नाहीत. तिथेच उभं राहून, पाहुण्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात वाचलं. दहा, लाल. दहा, लाल. दहा, लाल. सात पानं होती, एकही ओळ गाळली नाही. वाचून झाल्यावर कागद घडी करून खिशात घातले, कंट्रोलर खुंटीला लावला, रुळांचा करंट बंद केला आणि जिन्याकडे निघाले. शेवटच्या पायरीवर काकू वड्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. काकांना वाट द्यायला त्या भिंतीला चिकटल्या. काका वर गेल्यावर काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला आजही कुणी ओरडलं, शिव्या दिल्या, तरी काही वाटत नाही. त्या बघण्याचं वाटतं.

मी पुन्हा गेले नाही. मला काढलंय असं मी धरून चालले, आणि खरं सांगायचं तर तसं धरणं मला सोयीचं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी काकूंना फोन करायचे. काकू म्हणायच्या, ठीक आहे. एकदा मागून काकांचा आवाज आला, "चार मिनिटं झाली," आणि काकूंनी ठेवते म्हणून फोन ठेवला. मी काही विचारलं नाही.

चौदा महिन्यांनी काका गेले, झोपेत. मुलगा चार दिवसांसाठी आला, एक नंबरचं इंजिन खोक्यासकट रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं आणि परत गेला. मी मिलिंदला कळवलं. तो बरं म्हणाला आणि त्याच्याकडे बर्फ किती पडलाय ते सांगत बसला.

दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. चहा केला. मग फ्रिजवरून चार वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या, शाळेत मिळतात तशा, काळ्यापांढऱ्या पुठ्ठ्याच्या. "वाच," म्हणाल्या. "मनात नको, मोठ्याने वाच."

अक्षर काकांचं, पण पहिल्या वहीपासून चौथ्या वहीपर्यंत ते मोडत गेलेलं. मी वाचलं. आठ पाच. अकरा. चहा पाच मिनिटं उशिरा. पिवळी. नऊ वीस. अकरा. नळ नीट बंद केला नाही. पिवळी. बारा चाळीस. अकरा. भाजीत मीठ. लाल. मी विचारलं, अकरा कोण? काकू म्हणाल्या, "मी. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मला नंबर मिळाला." त्यात हसू होतं की काय होतं, मला कळलं नाही. दिवसाला तीन लाल झाल्या की काय व्हायचं, ते पुढे जानेवारीच्या पानावर होतं. अकरा वीस ते अकरा चाळीस. अकरा. मागच्या उघड्या डेकवर. दार आतून बंद. त्यापुढे बाहेरचं तापमानही लिहिलं होतं. काकांचा लॉग नेहमीच नीट असायचा.

"पुढे," काकू म्हणाल्या. "रविवार बघ."

रविवारच्या पानांवर दुपारपर्यंत काही नसायचं. मग पहिली ओळ. दोन वाजता. सत्तेचाळीस गैरहजर. मी पान उलटलं. पुढचा रविवार. दोन वाजता. सत्तेचाळीस गैरहजर. त्याच्या पुढचा. वही बदलली, अक्षर मोडलं, ओळ तीच. शेवटच्या वहीत त्यांना काकूंचं नाव आठवत नसल्याच्या खुणा होत्या, स्वतःचं नाव पानाच्या कोपऱ्यात तीन-तीनदा लिहून ठेवलेलं होतं, पण सत्तेचाळीस बरोबर होतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी बेसमेंटमध्ये त्यांनी मला मिस्टर, मिसेस, तुम्ही, काहीच म्हटलं नव्हतं. दोनच्या वर लाल माझ्या नावावर कधी नव्हत्याच. त्यांनी काढलं होतं ते स्वतःला. मी अजून पटावर होते.

काकू सांगत होत्या. रविवारी पावणेदोनला खुर्ची घेऊन पुढच्या दाराशी बसायचे. शर्ट बदलायचे. दोनला गाडीचा आवाज नाही आला की वहीत लिहायचे, खुर्ची परत आणायचे, आणि मग अंधार पडेपर्यंत माझ्या चुका वाचायचे, असं त्या म्हणाल्या. तू एकदा जरी आली असतीस ना, तेवढे तीन तास तुला वाचत बसले असते.

मी म्हटलं, काकू, मला वाटलं मला काढलंय, आणि त्या दिवशी ते जे बोलले त्यानंतर मी कुठल्या तोंडाने...

काकूंनी हात वर केला. "कारण सांगू नकोस गं," त्या म्हणाल्या. "मिनिट सांग."

"दोन वाजता," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली. मी पुढचा रविवार वाचला.